वाचनालयाबाहेरच्या चपला

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि जो तो काच बसवायला लागला. प्राचार्या विनोदिनी वऱ्हाडपांडे यांनी ती कॉलेजच्या लायब्ररीला बसवली. जुनी लांब टेबलं मागच्या कडुनिंबाखाली फेकली आणि गुडघे हनुवटीला लागतील असे सोफे आणले. पुस्तकं रंगांप्रमाणे लावली. अर्थशास्त्र निळ्यात गेलं, इतिहासाची हिरव्या-पिवळ्यात फाळणी झाली. उद्घाटनाला पूजा होती म्हणून सगळ्यांनी जोडे बाहेर काढले. त्यामुळे पंडरीच्या बाजारातून आणलेला गालिचा इतका स्वच्छ राहिला, की मॅडमनी जोडे बाहेर काढायचा कायमचा नियमच करून टाकला.

मुलांनी लायब्ररी सोडली आणि ती झाडाखालच्या टेबलांवर अभ्यास करू लागली. मॅडमनी समोसे वाटून मत विचारलं, तेव्हा प्रत्येकानं 'अत्यंत समाधानी' लिहिलं आणि समोसा घेऊन परत झाड गाठलं.

ग्रंथपाल धर्मपाल मेश्राम सोफ्यावर एकटाच समाधानी होता, तोवर तपासणी समितीची तारीख येऊन ठेपली.

"हॉल भरलेला दिसला पाहिजे, मेश्राम," मॅडम म्हणाल्या. "नाही तर होस्टेलच्या स्टोअरात बादल्या सांभाळत बसा."

धर्मपाल झाडाखाली गेला. एम.ए.ची रूपाली नोट्स काढत होती.

"पोट्टेहो, अंदर चला न. एसी लावून ठेवला."

"सोफे पे लिखें कैसे, सर? पेट पे?"

"एकच घंटा वं. माह्या खुर्चीचा सवाल आहे."

"कल पेपर है, सर." मग रूपालीला दया आली. "हम तो नहीं आ पाएँगे. चप्पल ले जाइए."

"चपलांचं काय करू?"

"दरवाजे पे रखिए. देखने वाले को और क्या चाहिए?"

धर्मपालला आधी हसू आलं, मग बादल्या दिसल्या. त्यानं पोतंभर चपला नेऊन दारापुढे पसरल्या. काही मुद्दाम उलट्या, घाईत काढल्यासारख्या.

समितीचे अध्यक्ष आले. दाराची काच धुरकट होती. त्यांनी चपलांचा ढीग पाहिला, आतली शांतता ऐकली. मग जोडे काढायची पाटी वाचली आणि पोटापलीकडे जेवढे दिसत होते तेवढ्या आपल्या नाडीच्या बुटांकडे पाहिलं.

"रहने दीजिए, बच्चे पढ़ रहे हैं. कितना अनुशासन है."

"रोज ऐसा ही रहता है, सर," मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. उद्घाटनानंतर त्याही आत गेल्या नव्हत्या.

धर्मपालनं श्वास सोडला, तोच अध्यक्ष चहासाठी मागच्या बाजूला वळले. कडुनिंबाखाली अनवाणी मुलं माना खाली घालून लिहीत होती.

"ये लोग बाहर क्यों बैठे हैं?"

धर्मपाल घाईनं पुढे झाला. रूपालीनं तोंड उघडलं. पण उत्तराची वाट बघायची अध्यक्षांना सवय नव्हती.

"समझ गया. चप्पल उतारकर गए होंगे, अंदर जगह नहीं मिली. बेचारे."

अहवालात लायब्ररीला अव्वल शेरा मिळाला, वर वाढीव हॉलची शिफारसही. मोकळी जागा एकच होती, कडुनिंबाखालची. टेबलं भंगारवाल्यानं नेली, झाड ठेकेदारानं.

मॅडमनी धर्मपालला बोलावून पेढा दिला. "तुमची खुर्ची पक्की, मेश्राम. आता नव्या हॉलातही अशीच गर्दी दिसली पाहिजे."

"हव, मॅडम," धर्मपाल म्हणाला. त्यानं पेढा खिशात टाकला. मुलं आता तेलीबांध्याला तलावाकाठी अभ्यासाला बसू लागली होती, आणि तिथून चपला आणायच्या म्हणजे ऑटोच करावा लागणार होता.