गाडीला शोभतील अशी चाकं

गाडी खाली बसवून आणली त्या दिवशी टेलरमास्तर दुकानाच्या पायरीवर उभे राहून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. स्प्रिंगा बदलून गाडी जमिनीला चार बोटं जवळ आली होती, दिसत होती ऐटबाज. पण चाकं तीच, जुनी, बारकी. अंगात भारी सूट आणि पायात बाथरूममधल्या चपला, असला तो प्रकार झाला होता. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला आखूड बाहीत दुकानाबाहेर पडू दिलं नाही, त्याला हे कसं सहन व्हावं?

जेवताना त्यांनी विषय काढला. मोठी चाकं घ्यावी लागणार, म्हणाले. बायकोनं ताट बाजूला सरकवलं आणि या गाडीपायी आजवर काय काय सोसलं त्याची पहिल्यापासून उजळणी केली. ती संपल्यावर तिनं अट घातली. रविवारी तिच्या मामेबहिणीचं लग्न होतं; थोरली बहीण, धाकटी बहीण आणि भाऊ अशा सगळ्यांना याच गाडीतून हॉलवर न्यायचं.

"वाटेत कुठं घासली, अडली, नुसती कुरकुरली जरी," ती म्हणाली, "तरी तिथल्या तिथं किल्ली माझ्या भावाच्या हातात."

भाऊ म्हणजे मास्तरांचा मेहुणा. त्याची ड्रायव्हिंग स्कूल होती आणि त्याचा या गाडीवर कधीपासून डोळा होता. तो ती घेणार, पुन्हा उंच करणार, टपावर स्कूलचा बोर्ड चढवणार, काचेवर लाल अक्षर चिकटवणार आणि मग रोज नवशिके तिच्यात बसून क्लच जाळणार. गाडी गेल्याचं दुःख मास्तरांनी एक वेळ गिळलं असतं. पण तिची ही अशी दशा झालेली, आचके देत रोज दुकानासमोरून जाताना बघायची, हे काही त्यांच्यानं होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते टायरच्या दुकानात गेले. टायरवाला भला माणूस. त्यानं नीट समजावून सांगितलं की रिम मोठी घेतली की वरचा टायर बारीक भिंतीचा घ्यायचा, म्हणजे चाकाची एकूण उंची तेवढीच राहते. मात्र रुंदी जपून घ्यायची, कारण खाली बसवलेल्या गाडीत चाकाला वर सरकायला जागा कमी असते. यातलं पहिलं मास्तरांना एकदम पटलं आणि दुसरं ऐकूच आलं नाही. तोवर त्यांची नजर भिंतीवरच्या रुंद, चंदेरी, पाच आऱ्यांच्या रिमांवर जडली होती.

"मास्तर, हे रुंद पडेल," टायरवाला म्हणाला. "एक माप खालचं घ्या."

"माप? तू मला सांगणार?" मास्तरांनी गळ्यातला टेप काढला.

मास्तरांनी गाडी सपाट जागी उभी करायला लावली, मडगार्डच्या कमानीत टेप घातला, आडवा, उभा, तिरपा, पुन्हा आडवा. चाक कसं, कमानीच्या कडेला बरोब्बर येऊन थांबलं पाहिजे. ना आत, ना बाहेर. टायरवाल्यानं चाचरत सुचवलं की आत चार माणसं बसवून बघू या एकदा. मास्तर हसले. गिऱ्हाइकाचं माप ताठ उभं करून घ्यायचं, हे ते बापाच्या हाताखाली शिकले होते. माप घेताना गिऱ्हाइकाच्या मांडीवर कोणी चार माणसं बसवतं का?

चाकं बसली, आणि काय सांगावं, गाडीचं रूपच पालटलं. शेजारचा न्हावी अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवून बाहेर आला. समोरचा चष्मेवाला, जो कोणाला चांगलं म्हणत नाही, तोसुद्धा "बरी दिसते" म्हणाला. मास्तरांनी काही काम नसताना बाजारातून दोन फेऱ्या मारल्या. गाडीनं हूं की चूं केलं नाही.

शनिवारी दुपारी दोन्ही मेहुण्या मुक्कामाला आल्या. उद्याची रंगीत तालीम म्हणून मास्तरांनी तिन्ही बहिणींना मागं बसवलं आणि मोठ्या दिमाखात निघाले. शाळेपुढच्या स्पीडब्रेकरवर चाकं चढली, उतरली, आणि मागून खर्रर्र असा आवाज आला. माणसं बसली की गाडी बसणार, गाडी बसली की मडगार्डची कड टायरवर टेकणार, इतकी साधी गोष्ट मास्तरांच्या डोक्यात त्या स्पीडब्रेकरवर शिरली. ते म्हणाले, खडा असेल. परतीच्या वाटेवर तोच खडा पुन्हा आला.

"आज तालीम म्हणून सोडते," बायको शांतपणे म्हणाली. "उद्या नाही."

टायरवाल्याच्या दुकानाला कुलूप. तो सोमवारी उगवणार होता. जुनी चाकं त्याच्याच दुकानात आत अडकलेली. मास्तरांनी डोकं चालवलं. मागचा भार कमी केला तर? थोरलीला पुढं बसवलं तर? कल्पना उत्तम होती, घात सवयीनं केला. दुकानात लोकांच्या पोटांबद्दल तोंडावर बोलायची त्यांना रोजची सवय. त्यांनी थोरलीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिच्या कंबरेचं माप सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात सांगितलं, आणि म्हणून ताई तुम्ही पुढं बसा, असं वर जोडलं.

माप अर्ध्या इंचानंही चुकलं नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. थोरलीनं पिशवी उचलली. आपण उद्या बसनं जाऊ, नाहीतर जाणारच नाही, पण या माणसाच्या गाडीत पाय ठेवणार नाही, असं तिनं जाहीर केलं. म्हणजे गाडी घासो न घासो, सगळे तिच्यातून जाण्याची अट मोडली. बायकोनं मास्तरांकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेत मेहुण्याचा बोर्ड स्पष्ट दिसत होता.

मास्तर हातापाया पडले. लग्नात घालायच्या थोरलीच्या लांब झग्याची खालची कड उसवली होती. ती मी आत्ता शिवून देतो, म्हणाले. थोरली दुकानातल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसली. मास्तरांनी कड आत दुमडली, बोटानं चेपली, वरून गरम इस्त्री फिरवली. आणि इस्त्री हातात तशीच धरून थांबले.

"ताई, कड आत दुमडली की पायात येत नाही. बरोबर ना?"

"शिवा मुकाट्यानं."

शिवायला मास्तर होते कुठं? ते इस्त्रीसकट बाहेर धावले, वायर ताणली, गाडीच्या मागच्या कमानीखाली डोकं घातलं. मडगार्डच्या आतून पत्र्याची बोटभर कड आडवी आली होती. सगळा दंगा तिचाच. ती वर, आत दुमडून चपटी केली, की टायरला मोकळं रान. थंड पत्रा वाकवला तर रंगाचे पापुद्रे निघाले असते. म्हणून मास्तरांनी कापड ठेवून बाहेरून इस्त्रीनं तो हळूहळू शेकला. मग कापडाच्या ताग्यातला जाड लाकडी दांडा काढून टायर आणि कड यांच्यामध्ये धरला. आता गाडी पुढंमागं ढकलली की चाकाबरोबर दांडा फिरणार आणि कड लाटत जाणार. फक्त वर भरपूर वजन हवं होतं.

मास्तर थोरलीपुढं हात जोडून उभे राहिले. "ताई, तुमच्याशिवाय हे काम होणार नाही."

आपल्या वजनाची अशी मनापासून गरज तिला आजवर कोणी बोलून दाखवली नव्हती. ती उठली, गंभीरपणे मागच्या सीटवर जाऊन बसली आणि धाकटीलाही हाक मारली. तेवढ्यात मेहुणा आला, बोर्डासाठी टपाची लांबी बघायला. गाडी ढकलायची आहे हे कळल्यावर त्याचा आनंद गगनात मावेना. बंद पडलेली दिसते, असं समजून त्यानं काही न विचारता खांदा लावला आणि अंधार पडेपर्यंत, हसतमुखानं, स्वतःच्याच विरुद्ध घाम गाळला. सगळं झाल्यावर मास्तरांनी कडेवरून अंगठा फिरवला. इतकी साफ दुमड त्यांनी कापडालाही क्वचितच घातली होती.

रविवारी पाचही जण निघाले. शाळेपुढचा स्पीडब्रेकर आला. मेहुण्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चाकं चढली, उतरली. काही नाही. मेहुणा म्हणाला, भाऊजी, जरा जोरात घेऊन बघा. मास्तरांनी गाडी वळवली आणि जोरात घेतली. मागं थोरली मुद्दाम उसळून बसली. तरी काही नाही. मास्तरांना गाणं म्हणावंसं वाटलं, पण जावयाला शोभेल इतपतच ते हसले. हॉलच्या दारात लोक नवरदेवाची गाडी आली समजून पुढं झाले. मास्तरांनी काच खाली करून सगळ्यांचे नमस्कार सावकाश घेतले.

लग्न लागलं, जेवणं झाली. निघताना बायकोनं हात पुढं केला.

"किल्ली द्या."

गाडी घासली नव्हती, अडली नव्हती. आता काय राहिलं? मास्तरांनी किल्ली दिली. बायकोनं ती भावाला दिली नाही. तिनं मेहुण्याला आणि मास्तरांना मागं बसायला सांगितलं, थोरलीला पुढं घेतलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. गाडी तिला येत होती, भावानंच शिकवली होती. या गाडीच्या वाटेला मात्र ती कधी गेली नव्हती. मेहुणा सवयीनं "गिअर, गिअर" करू लागला, तेव्हा थोरलीनं त्याला गप्प केलं. मोठ्या रस्त्याला लागताच बायकोनं गाडी अशी काही सोडली की मागच्या तिघांची तोंडं मिटली.

"अहो," थोड्या वेळानं ती आरशातून बघत म्हणाली, "याच्याहून मोठी चाकं बसतील का हो हिला?"

मेहुण्यानं खिडकीकडे मान वळवली. मास्तर मात्र सवयीनं गळ्याशी टेप शोधू लागले. बोलले असते तर सगळ्यांसमोर रडू आलं असतं.