हसनचाचांचा मालक

गिरणीचा मालक कोण, असं कुणी विचारलं की हसनचाचा तर्जनी वर करायचे. एकदा वजनमापं तपासायला नवे साहेब आले. "मालक कुठायत?" चाचांनी बोट वर केलं. साहेब बराच वेळ पत्र्याकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बोलवा त्यांना खाली." रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. चाचा मात्र गंभीर.

"आवं, त्यो कसा येतोय खाली? आपल्यालाच जायाचं हाय त्याच्याकडं. मी हितला नोकर."

हे वडूजचं. सांगलीहून बदली होऊन मी तालुका कचेरीत कारकून म्हणून आलो, तेव्हा घर मिळालं ते नेमकं गिरणीला लागून. दिवसभर इंजिनाचं कुक-कुक-कुक. चाचा फौजेतनं पेन्शन घेऊन आलेले, दारातनं वाकून आत येतील एवढे उंच. भुवया, दाढी, कानावरचे केस, सगळं पिठानं पांढरं. खरे पिकलेले किती आणि दळलेले किती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

माझी बायको नवी नवरी. पहिल्यांदा दळण घेऊन गेली आणि वडीलधारे म्हणून पाया पडायला वाकली. चाचा असे उडाले की थेट ज्वारीच्या पोत्यावर जाऊन उभे राहिले. "नगं, पोरी, नगं! वाकायचं ते त्या एकट्याम्होरं. माझ्याम्होरं वाकलीस तर माझी नोकरी जाईल!" मग खाली उतरून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती घरी आली ती केसांवर पिठाचा पंजा घेऊनच.

दुपारची बांग झाली की इंजिन बंद. कुणाचं दळण निम्म्यात असो, चाचा ऐकायचे नाहीत. "हजेरी लावून आलोच." आधी टॉवेलानं स्वतःला बडवबडव बडवायचे, कारण तसंच पाणी घेतलं तर हातावर कणीक तयार. "अल्लाम्होरं भाकरीचा उंडा हून जायाचं व्हय?" मग हातपाय, तोंड धुऊन कोपऱ्यात चटई.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. त्या कुक-कुकनंतरची शांतता अशी काही पडायची की भांडणाऱ्या बायकाही आपोआप गप्प व्हायच्या. पत्र्याच्या भोकातनं आलेल्या उन्हात पीठ तरंगत असायचं, आणि एवढा धिप्पाड माणूस कपाळ जमिनीला टेकून लहान होऊन जायचा. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही, दिवासुद्धा नाही. नुसती भिंत. मी देवघराशेजारी वाढलेला माणूस. न राहवून एकदा विचारलं, "चाचा, त्या वेळी डोळ्यांपुढं काय आणता?"

"काय न्हाई आनत, भाऊसाहेब. आनलं की त्यो तेवढाच झाला की वो."

मी पुन्हा एकदा त्या कोऱ्या भिंतीकडे वळून पाहिलं. चाचा मात्र पट्टा चढवून पुढचा डबा मागत होते.

बहात्तरच्या दुष्काळात गिरणीत ज्वारी दिसेनाशी झाली. रेशनचं तांबडं अमेरिकन धान्य, मिलो, यायचं आणि चाचांच्या भुवयाही तांबूस दिसायच्या. मला कचेरीनं तलावाच्या दुष्काळी कामावर मजुरांच्या हजेरीचं मस्टर सांभाळायला धाडलं. एका दुपारी तिथं मातीचा कडा ढासळला. सगळ्यांनी हातांनीच माती उपसली. दोघी जणी सापडल्या. एकीचा श्वास चालू होता. दुसरी गेली होती. तिला मीच काखांत हात घालून ओढलं होतं, आणि तिचं अंग अजून गरम होतं.

संध्याकाळी घरी आलो. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. कुलपात किल्ली जाईना, इतके हात थरथरत होते. चाचांनी ते गिरणीच्या दारातनं पाहिलं. आले, कुलूप काढलं, मला आत नेऊन बसवलं. काय झालं, म्हणून विचारलं नाही. घरी जाऊन जुन्या लुगड्यांची वाकळ आणली, माझ्याभोवती गुंडाळली आणि शेजारी बसले. मग बोलायला लागले.

"आमचे पैगंबरसाहेब डोंगरातल्या गुहेत एकटंच बसायचे. तितं एकदा फरिश्ता आला. म्हनाला, वाच. हे म्हनले, मला वाचता येत न्हाई. त्यानं उराशी गच्च आवळलं. पुन्यांदा म्हनाला, वाच. तितनं आमचा धरम सुरू झाला. पन भाऊसाहेब, त्या टायमाला पैगंबरसाहेब काय लोकं गोळा करून सांगत न्हाई सुटले. थरथर कापत घरी आले. म्हनले, मला पांघरून घाला."

"मग?"

"त्यांच्या घरवालीनं, बीबी खदिजांनी पांघरून घातलं. कापरं थांबस्तवर थांबल्या. मंग म्हनल्या, तुमी नातं राखता, दुसऱ्याचं वझं उचलता, पावन्याला जेवू घालता. अल्ला तुमाला कसा टाकंल? आख्ख्या दुनियेत पयला इश्वास त्या बाईनं ठिवला बगा."

बाहेर वडूजची कोरडी थंडी पडायला लागली होती. चाचा जमिनीकडे बघत होते.

"मीबी लढाईवरनं असाच आलतो. भर उन्हाळ्यात कापत. गाव इचारायचं, किती मारलं? आमच्या सकिनानं एक सबूद इचारला न्हाई. हीच वाकळ टाकली आन बसून ऱ्हायली."

सकिनाचाचींना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एवढं मला ठाऊक होतं, पण त्यांचं नाव चाचांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

माझं कापरं हळूहळू थांबलं. मी वाकळ काढून घडी घालायला लागलो.

"ऱ्हाऊ दे रं लेकरा," चाचा म्हणाले. भाऊसाहेबाचं लेकरू कधी झालो, मला कळलंच नाही.

"पण चाचा, थंडी आहे. तुम्ही काय पांघरणार?"

"माझं काय एवढं? पांघरलं का न्हाई, ते बघायला घरात हाय कोन?"

त्यांनी मला आडवं केलं, वाकळीचं टोक पायांखाली खोचलं, आणि दार हळू ओढून घेतलं.