सिंकखालचा पेशंट

हेमचंद्र देसाईंचं वेल्डिंग मशीन शनिवारी घर सोडून जाणार होतं. "इतके हिवाळे मी बाहेर उभी राहून गाडीवरचा बर्फ खरवडतेय आणि माझी सवत गराजमध्ये आरामात," असं म्हणून सुनंदाबाईंनी निकाल दिला होता. जवळच्या एअरड्री गावचा जयदीप पिकअप घेऊन ते विकत घ्यायला येणार होता. "काका, चालवून बघूनच नेईन हं," असं त्याने फोनवर बजावलं होतं.

निवृत्तीनंतर माणसं ब्रिज खेळतात, हेमचंद्र गराजमध्ये वेल्डिंग करत. हातात धरायची वेल्डिंगची टॉर्च तापू नये म्हणून मशीनशेजारचा कूलर तिच्यातून पाणी फिरवत राहतो. त्यात न गोठणारं कूलंट असावं लागतं. ते उन्हाळ्यात संपलं, तेव्हा "दोनच तर जोड मारायचेत" म्हणून त्यांनी साधं पाणी ओतलं आणि विसरून गेले. शुक्रवारी संध्याकाळी फोनवर उणे चौतीस अंशांचा इशारा आला आणि त्यांना ते पाणी आठवलं. पाणी गोठलं की पंप फुटणार. उभी हयात अल्बर्टातल्या पाइपलाइनी थंडीपासून वाचवलेला हा इंजिनियर!

पाणी काढून टाकावं म्हटलं, तर कूलरच्या तळाचं बूच जाम झालेलं. जोर लावला तर तुटायची भीती. मग त्यांना स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा छोटा हीटर आठवला. उत्तरेच्या भिंतीतला पाइप गोठू नये म्हणून सुनंदाबाई तो हिवाळाभर लावून कपाटाची दारं उघडी ठेवत. एका रात्रीने काय होतंय, असा विचार करून हेमचंद्रांनी हीटर उचलला आणि कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून कपाटाची दारं घट्ट लावून घेतली.

सकाळी चहासाठी सुनंदाबाईंनी नळ उघडला. नळ गप्प.

"सिटीचं पाणी गेलं असेल," हेमचंद्र पेपरमागून म्हणाले.

"वरच्या वॉशरूममध्ये धो धो येतंय." त्यांनी कपाट उघडलं. "अहो, हीटर कुठाय?"

"तो... जरा बाहेर गेलाय."

सुनंदाबाई कोट चढवून गराजमध्ये गेल्या. हीटरसमोर कूलर बसला होता, अंगावर त्यांच्या आईने शिवलेली गोधडी पांघरून.

"मला न्यूमोनिया झाला तेव्हा एवढं गुंडाळलं नव्हतंत हो मला!"

प्लंबर म्हणाला, सगळं शहर गोठलंय, सोमवारी बघू. तोवर पाइप फुटला तर खालचं बेसमेंट पाण्यात. घाबरलेल्या हेमचंद्रांनी गॅसचा बर्नर आणला.

"लाकडी कपाटात? घर जाळताय का?" सुनंदाबाईंनी तो हातातून काढून घेतला आणि गराजच्या दाराकडे बोट दाखवलं. "त्या तुमच्या कूलरमध्ये पंप आहे ना? पाणी फिरवतो ना तो?"

"फिरवतो. पण थंड करायला!"

"ते पाण्याला कुठे ठाऊक असतं? आणा त्याला आत."

सुनंदाबाई निवृत्त भूलतज्ज्ञ. ऑपरेशन चालू असताना पेशंट गार पडू नये म्हणून त्याच्या अंगाखाली कोमट पाणी फिरवणारी गादी घालतात, हे त्यांचं रोजचं काम होतं. जुन्या बॅगेतून त्यांनी पोटातलं पाणी उपसायची नळी काढली, कूलरच्या वरच्या तोंडातून आत सोडली आणि बुचाला हात न लावता टाकी रिकामी केली. हेमचंद्रांनी रिकाम्या टाकीत डोकावून पाहिलं. काल रात्री हिला नुसतं विचारलं असतं तर!

"बादलीभर गरम पाणी आणा वरून. हाताला सोसेल इतकंच. घाई केली तर पाइप तडकेल." ते पाणी टाकीत ओतून त्यांनी कूलरच्या होसपाइपचे वेढे गोठलेल्या पाइपला घातले, वर टॉवेल गुंडाळले आणि पाणी गार होऊ नये म्हणून कूलरच्या पंख्यावर स्वतःच्या हाताने गोधडी टाकली. "करा चालू."

तेवढ्यात बेल वाजली. जयदीप आत आला, तर डॉक्टरीणबाई अर्ध्या कपाटात, काका बादली धरून आणि कूलर गोधडीत.

"काकू, हे काय?"

"शू! पेशंट शुद्धीवर येतोय."

नळ खाकरला, गुरगुरला आणि एकदम भळाभळा वाहू लागला. या बाईबरोबर आपण आयुष्य काढलं आणि आपल्याला ती अजून पुरती कळलेली नाही, असं हेमचंद्रांना मनापासून वाटलं.

"कूलर तर झकास चालतोय," जयदीप म्हणाला. "मशीन पिकअपमध्ये ठेवू?"

हेमचंद्रांनी बादली घट्ट धरली.

"हे? हे विकायचं नाहीये," सुनंदाबाई हात पुसत म्हणाल्या. "बेसमेंटमध्ये राहील. गराज माझ्या गाडीला."

हेमचंद्रांनी आनंदाने बादलीच खाली सोडली. जयदीप मात्र हिरमुसला. "काकू, खरं सांगू? आमच्याही किचनचा नळ सकाळपासून बंदच आहे. प्लंबर मिळेना. बायको माहेरी जायचं म्हणतेय."

"मग आधी बोलायचं नाही का? तू हो पुढे, आम्ही आलोच." सुनंदाबाईंनी नळी बॅगेत टाकली. "अहो, टाकी रिकामी करून कूलर गाडीत ठेवा. वाटेत खरं कूलंटही घ्यायचंय."

हेमचंद्रांनी कूलर सांभाळून गाडीपर्यंत नेला आणि सवयीने पुढचं दार उघडून बसू लागले.

"तुम्ही कुठे?" ड्रायव्हिंग सीटवरून सुनंदाबाई म्हणाल्या. "तुम्ही मागे. गरम होणारी सीट पुढेच आहे, ती पेशंटला."

त्यांनी शेजारच्या सीटवर कूलरला बेल्ट लावला, गोधडी नीट केली आणि गाडी सुरू केली. हेमचंद्र बादली मांडीवर घेऊन निमूट मागे बसले.