जंतांचा नैवेद्य

परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर, मिळेल ते खाऊन जगणारा प्राणी. ही व्याख्या करणाऱ्याने एकही परजीवी पाळलेला नसावा, असं पीएचडीच्या पाचव्या वर्षी इराचं ठाम मत झालं होतं. शेळीच्या पोटात मजेत राहणारे गोल जंत तिच्या काचेच्या नळीत आले की अन्नपाणी सोडून देत. ग्लुकोज झालं, यीस्ट झालं, महागडी जीवनसत्त्वं झाली. चौदा वेळा शिरगणती केली, चौदाही वेळा शून्य. मुदतवाढ महिनाअखेरीस संपत होती आणि पुढची मिळणार नव्हती.

त्यातच गंगापूर रोडवरच्या तिच्या कॉलेजातला इन्क्युबेटर बंद पडला. शेवटची नळी तिने घरी आणली आणि दही लावायच्या उबदार डब्यात ठेवली.

"खातात काय हे?" वडिलांनी विचारलं. ढुंढिराजगुरुजींची हयात गोदाघाटावर यात्रेकरूंची कार्यं करण्यात गेली होती.

"काहीच नाही, बाबा. उपाशी मरतात."

"आपल्या घरात?"

आठवड्याने नळीत नुसती वळवळ! गाईड स्नेहा मॅडम खुर्चीतून उठल्याच. "काय घातलंस गं?"

"नेहमीचंच, मॅडम."

"नेहमीच्यात तर मरतात!"

इराने घरी चौकशी केली.

"मी फक्त तुळशीपत्र घातलं," गुरुजी म्हणाले. "नैवेद्य न दाखवता कोण जेवेल? रविवारी तुळस तोडत नाहीत, म्हणून कुंडीत गळून पडलेलं पान उचललं."

"बाबा, त्या नळीतल्या पाण्यात बोकडाचं काळीज उकळलेलं होतं."

गुरुजी उठले आणि सरळ आंघोळीला गेले. आईने डबा चिमट्याने उचलून गॅलरीत ठेवला. "तू डॉक्टर होईस्तोवर दही विकतचं," ती म्हणाली.

इकडे मॅडमनी तुळशीतल्या पोषक घटकावर शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवलं. बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"यांना पिल्लं झालीत," ते म्हणाले.

"नळीत, सर! नळीत!" मॅडमनी टाळीच वाजवली.

"तेच म्हणतोय. शेळीच्या जंतांना नळीत पिल्लं होत नाहीत." त्यांनी चष्मा पुसला. "पानाला माती होती का?"

इराने होकारार्थी मान हलवली.

वळवळत होते ते मातीतले जंत. ते कुठल्याही कुंडीत असतात आणि कुजकं मिळालं की वाढतात. शेळीचे जंत नळीच्या तळाशी होते, मेलेले. त्यांनी काही खाल्लं नव्हतं.