पाळणा लांबवण्याचे दर

फुकट मिळालेल्या वस्तूची माणसाला किंमत नसते, हे शाश्वत सत्य उमगायला आमच्या वस्ती कार्यालयाला चाळीस वर्षं लागली. तोवर आम्ही निरोध, गोळ्या आणि तांबी फुकट वाटत होतो. नको म्हणणाऱ्यांच्या दाराशी जाऊनसुद्धा. (दुसऱ्या मुलाचा दंड तेवढा रोख घेत होतो.)

पुढे वरून कळलं, की लोकांनी आमचं जरा जास्तच ऐकलं आणि पाळणे ओस पडले. कार्यालयाने शास्त्रशुद्ध विचार केला: छत्र्या महागल्या की लोक भिजतात. म्हणून निरोधावर कर बसला, तांबीला दर लागला, आणि ‘एकच पुरे’वाल्या भिंतीवर त्याच रंगाऱ्याने ‘तीन हवीत’ रंगवलं. पूर्वी दंड वसूल करणाऱ्या छिऊ मावशी आता बाळंतिणींना द्यायची अभिनंदनाची अंडी घेऊन घरोघर जातात. (जुनी माणसं अजून त्यांना पाहून मागच्या दाराने पळतात.)

बटणांच्या कारखान्यातली थान युलिअन तांबी बसवायला आली आणि दर ऐकून थबकली. "मावशी, एवढ्यात माझ्या लेकीचा महिन्याचा डबा होतो!"

"मग डबाच दे की. तांबी काय खायची असते?"

"आणि दुसरं झालं तर त्याला काय घालू, बटणं?"

"अगं, मूल आपलं नशीब घेऊन येतं."

"लेकीनं आणलेलं कुठं ठेवलंय, तेवढं सांगा."

युलिअनने डबा निवडला. वर्षाच्या आत मुलगा झाला. आम्ही झबलं दिलं, फोटो काढला. कारखान्याने तिला कायमची रजा दिली. नवऱ्याच्या एकट्या पगारात चौघांचं भागेना, म्हणून सहा वर्षांच्या थोरलीला डोंगरातल्या गावी आजीकडे धाडलं. आजीला ऐकू येत नाही, त्यामुळे पोरीने बोलणंच सोडलं. आकडेवारी मात्र उत्साहवर्धक आहे. शहरात जन्म एकाने वाढले आणि गावच्या शाळेचा पट शंभर टक्क्यांनी. (आधी एकच मूल होतं.)

परवा युलिअन पुन्हा आली. "थोरलीला परत आणायला काही मदत मिळेल का हो?"

आम्ही आस्थेने नियम पाहिले. जन्माला मदत आहे, जन्मलेल्याला नाही.

"मग तिला पुन्हा जन्माला घालू?" असं म्हणून ती तिथेच बाकावर रडत बसली. मावशींनी तिला एक अंडं दिलं.

वाचकहो, तुम्हीही हळहळलात, हे मला दिसतंय. पण त्या पोरीचं नाव काय, हे तुमच्याही मनात आलं नाही. आमच्याकडे कारकुनाची एक जागा रिकामी आहे. अनुभवाची अट तुम्ही आत्ताच पुरी केलीत.