सरांच्या पन्नास गोगलगायी

श्रावण लागला तसा सामरवरणीच्या त्या सोसायटीत गोगलगायींचा सुळसुळाट झाला. बागेत, जिन्यात, कुणाच्या चपलेत. सेक्रेटरी भास्करभाईंनी बागेत विषारी दाणे टाकायचं ठरवलं. तिथे लहान मुलं खेळतात म्हणून तळमजल्यावरच्या वसंत परबांनी हरकत घेतली. परब सर मूळचे कुडाळचे, इथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. आधी गोगलगायी मोजू, थोड्या असल्या तर हातांनी उचलू, असं त्यांचं म्हणणं.

"मोजणार कशा सर? हजेरी घेणार?" भास्करभाईंनी विचारलं.

सरांनी समजावलं. पन्नास पकडायच्या, पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा आणि सोडून द्यायच्या. आठवड्याने पुन्हा पन्नास पकडायच्या. त्यांत ठिपकेवाल्या दहा, म्हणजे पाचांत एक निघाली, तर बागेत एकूण पन्नासच्या पाचपट, साधारण अडीचशे. भास्करभाईंनी आठ दिवसांची मुदत दिली.

रविवारी सर छत्री घेऊन बागेत बसले आणि पन्नास गोगलगायींना पांढरा ऑइलपेंट लावला. पुढच्या रविवारी पन्नास पकडायला त्यांना सगळी बाग धुंडाळावी लागली. त्यांतल्या सेहेचाळीस ठिपकेवाल्या. हिशेबाने एकूण चोपन्न. सरांना स्वतःलाच ते खरं वाटेना, पण आकडेमोड तीन वेळा करूनही तेच उत्तर आलं. सभेत आकडा सांगितला, विषाचे दाणे रद्द झाले, आणि तुमच्या शाळेतही हा प्रयोग करून दाखवा, असा सरांना आग्रह झाला.

मंगळवारी सकाळी दारात सोसायटीतलीच तानूबाई उभी. तिचा नवरा कारखान्यात होता, धुळ्याहून आलेलं कुटुंब. बागेच्या कडेला तिने माठ आणि भेंडी लावली होती.

"सर, राग नका मानू," ती संकोचून म्हणाली, "तुमच्या गोगलगायी माझा माठ खाऊन राहिल्या. त्यांना घरात ठेवता का?"

"माझ्या?"

मग सगळं बाहेर आलं. खेरडीला तानूबाईच्या बहिणीकडे, चंदाकडे, बदकं होती. तानूबाई रोज पहाटे बादलीभर गोगलगायी वेचून तिकडे पाठवत होती. ठिपकेवाल्या मात्र तिने एकूण एक परत ठेवल्या.

"रंग लावलेला म्हणजे पाळलेल्या असतील. दुसऱ्याचं जनावर आपण कसं न्यावं?"

सर खाली बसले. म्हणजे आकडा बरोबर होता. पद्धत तेवढी तानूबाईची. बिनठिपक्याच्या बदकांच्या पोटात गेल्या होत्या आणि सरांनी ज्यांना रंगवलं, त्याच सुखरूप राहून भाजी खात होत्या. एकेक गोगलगाय दोनशे अंडी घालते आणि निघून जाते. बहुतेक पिल्लं कुणीतरी खातं, म्हणून तर इतकी घालायची. पण इथे बागेत त्यांना खाणारं कुणीच नव्हतं. महिन्याभरात दहा हजार. आणि मग पुन्हा भास्करभाईंचे विषारी दाणे.

"या पण घेऊन जा," सर म्हणाले.

"मला नाही जमणार सर. रोज त्यांना बाजूला ठेवत होते ना. आता बदकांपुढे कशा टाकू?"

शेवटी सर आणि तानूबाई दोघांनी मिळून तीन दिवस बाग चाळली. शनिवारी दुपारी सरांनी झाकणाची बादली स्कूटरवर ठेवली आणि खेरडी गाठली. चंदाने त्यांना बदकांपाशी नेलं. सरांनी मान वळवून बादली उपडी केली. बराच वेळ काहीच आवाज आला नाही, म्हणून त्यांनी पाहिलं. बदकं एका डोळ्याने बघत उभी होती. एकाने ठिपक्यावर चोच मारली, मान झटकली आणि सगळी डबक्याकडे निघून गेली.

"पोट भरलंय त्यांचं," चंदा म्हणाली. "बसा भाऊ, चहा ठेवते."

संध्याकाळी फाटकाशी भास्करभाई भेटले. पुन्हा भरून आणलेल्या बादलीकडे बघून त्यांनी विचारलं, "आता टोटल किती, सर?"

"पन्नास."

"पक्का? का परत हिशेब?"

"हिशेब नाही," सर बादली घरात नेत म्हणाले. "मोजल्यात."