प्रस्थान माझ्या फडताळात

आमचे शेजारी गोपाळराव यांना शुक्रवारी इलाइट चौराह्यावरच्या डॉक्टरला दात दाखवायला जायचं होतं, आणि त्यांची छत्री निघाली सोमवारी. निघाली म्हणजे माझ्या घरी आली. पंचांगात शुक्रवार वाईट, सोमवार चांगला. अशा वेळी आपली एखादी वस्तू चांगल्या दिवशी दुसऱ्याच्या घरी ठेवायची. मग माणूसच निघाला असं धरतात, आणि तो मागाहून सवडीनं जातो. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. आमचे पूर्वज देशावरून झाशीला आले तेव्हा हे सोबत घेऊन आले. आता आमच्या सबंध प्रेमनगरात ते पाळणारे गोपाळराव एकटेच.

दाताचं काय झालं विचारलं तर म्हणायचे, "मी निघालोय, भैयाजी. फक्त जायचं राहिलंय."

एकदा गुरसराय गावच्या लग्नासाठी त्यांनी माझ्याकडे एक चप्पल ठेवली. एकच. मग तीन दिवस दुसरा पाय उघडा. मी म्हटलं, घेऊन जा की. तर म्हणे, ती निघून गेलेली आहे, आता तिला परत कशी आणणार. हा त्यांचा पक्का नियम. निघालेली वस्तू फिरून घरचा उंबरा ओलांडत नाही.

मी चौथीत शाळा सोडली, आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण गोपाळराव शिकलेले. मी कधी शंका काढली की हात हलवून म्हणायचे, "तुम्हाला ते कळायचं नाही." हे वाक्य मी त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही.

सई त्यांची नात. आईबाप लहानपणीच गेले, आजोबांनी एकट्यानं वाढवली. तिला कॉलेजानं सहा महिन्यांसाठी जर्मनीला शिकायला पाठवायचं ठरवलं. गुरुवारी दुपारी झाशीहून दिल्लीची गाडी, तिथून विमान. गोपाळराव आठवडाभर आधीच सईच्या ओढणीचं गाठोडं घेऊन माझ्या दारात. आत मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड. गुरुवार फार वाईट आहे म्हणाले. जर्मनी वायव्येला, माझं घरही त्यांच्या घराच्या वायव्येला. म्हणजे माझ्यापुढे गल्लीतला दवाखाना, आणि दवाखान्यापुढे जर्मनी.

गाठोडं मी फडताळात ठेवलं.

त्या दिवसापासून सई स्वतःच्याच घरात पाहुणी झाली. ती निघाली आहे, मग तिला भांडी कशी घासू द्यायची? चहा चांगल्या कपातून. कणीक हे मळणार, पोळ्या हे लाटणार, आणि त्या पोळ्यांचे नकाशे तिनं खायचे. बॅगेत त्यांनी मेतकूट भरलं, लोणचं भरलं, आणि एक पाटा भरला. वरवंटा भरताना तिनं वेळेत पाहिलं, म्हणून पाटाही बॅगेबाहेर आला. ती वैतागून मला म्हणाली, "दादाजी, मी अभी इथंच आहे ना. आजोबा मला विचारतात, प्रवास कसा झाला."

मंगळवारी ती पुन्हा आली. या वेळी हसत नव्हती. फडताळाकडे बघत म्हणाली, "माझं गाठोडं परत द्या. मी नाही जात."

कारण विचारलं. म्हणाली, आजोबा सकाळी गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते. सहा महिने त्यांना कोण बघणार.

मी म्हटलं, मी आहे. पण माझं वय तिला माहीत होतं.

तिला तेव्हाच गाठोडं देऊन टाकलं असतं तर गोष्ट संपली असती. पण मी शब्दाचा माणूस. माझ्या घरात ठेवलेली वस्तू मी ठेवणाऱ्याच्या नियमानं सांभाळतो, मग तो नियम मला पटो न पटो. मी म्हटलं, "पोरी, तू निघून गेलीस. हे इथून फक्त पुढे जाईल."

तिनं डोळे पुसले, पाणी प्यायली आणि गेली.

गुरुवारी रिक्षा माझ्या दाराशी थांबली. सईनं गाठोडं घेतलं, वाकून नमस्कार केला. गोपाळराव स्टेशनला गेले नाहीत. रिक्षा वळेपर्यंत मात्र तिला ओरडून सांगत होते की पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेव.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून पंचांग आणलं. का, ते सांगतो. मला गोपाळरावांची एक तरी चूक पकडायची होती. माझं वाचन बोटानं चालतं, एकेक अक्षर दाबत. तीन दिवस लागले. पण सापडलं. गुरुवार वाईट नव्हताच. अख्ख्या आठवड्यात त्याच्याइतका चांगला दिवस नव्हता. आणि गाठोडं माझ्याकडे आलं तो दिवस मात्र प्रवासाला वर्ज्य.

मी पंचांग काखेत मारून छाती काढून त्यांच्याकडे गेलो. ते स्वयंपाकाच्या ओट्याशी उभे होते. पान उघडून समोर धरलं.

"हे काय आहे, गोपाळराव? की मला कळायचं नाही?"

त्यांनी चष्मा काढला. पंचांगाकडे पाहिलंच नाही.

"कळलं म्हणायचं तुम्हाला," ते म्हणाले. मग म्हणाले, "भैयाजी, तुमच्याकडे गाठोडं आणलं त्या सकाळी सई मला म्हणाली होती, आजोबा, मी नाही जात. मला इतकं बरं वाटलं ऐकून. इतकं बरं वाटलं की भीती वाटली. दोनदा म्हणाली असती तर मी हो म्हटलं असतं. म्हणून तासाभरात बांधलं ते, आणि तुमच्याकडे आणलं. तुम्ही हट्टी. तुम्ही परत दिलं नसतंत."

मी पंचांग मिटलं.

कुकरची वाफ जिरली होती. त्यांनी झाकण काढलं, आत बघितलं आणि तसेच उभे राहिले. भात सवयीनं दोघांचा लावला गेला होता. कालही दोघांचाच लावला गेला म्हणाले.

मी घरून जेवून निघालो होतो. तरी पाट ओढून बसलो. वरण अगदी अळणी होतं. मी दोनदा मागून घेतलं, आणि मी अळणी खाणाऱ्यातला नाही.